नाव चढतं, उतरत नाही

जालियनवाला बागेच्या दुसऱ्याच वर्षी, १९२० साली, ब्रिटिश सरकारने कैद्यांच्या ओळखीसंबंधी एक छोटासा कायदा केला. अटक झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे, शरीराची मापं, आणि दंडाधिकाऱ्याने हुकूम केला तर फोटो, घेण्याचा अधिकार त्याने पोलिसांना दिला. त्यातलं सातवं कलम आज वाचलं की थबकायला होतं. पूर्वी कुठल्या गंभीर गुन्ह्यात दोषी न ठरलेला माणूस खटल्याविना सुटला, किंवा कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं, तर त्याची सगळी मापं आणि फोटो नष्ट करावेत किंवा त्याच्या हवाली करावेत, असं ते कलम सांगत असे. फोटोची निगेटिव्ह आणि प्रती, दोन्ही. न्यायालयाने किंवा दंडाधिकाऱ्याने वेगळा हुकूम केला तरच अपवाद. माणसाने अर्ज करायचा, खेटे घालायचे, असं त्यात कुठेही नव्हतं. सुटका झाली की कागद परत द्यायची जबाबदारी ज्याने घेतले त्याची. हे कलम प्रत्यक्षात किती पाळलं गेलं हा प्रश्न वेगळा. पण परक्या सरकारलाही एवढं मान्य करावं लागलं होतं की निर्दोष माणसाचा चेहरा ही पोलिसांची मालमत्ता नव्हे.

शंभर वर्षांनंतर सुरत शहरात हाच प्रश्न फार मोठ्या आकाराने उभा आहे. २०१३ साली तिथल्या पोलिसांनी ‘सेफ सिटी’ प्रकल्पाखाली चौकाचौकांत कॅमेरे बसवायला सुरुवात केली, आणि २०१५ साली जपानच्या एनईसी कंपनीची चेहरा ओळखणारी यंत्रणा घेतली. अशी यंत्रणा वापरणाऱ्या भारतातल्या अगदी पहिल्या शहरांत सुरतची गणना होते. रस्त्यावरचा चेहरा टिपायचा आणि पोलिसांकडच्या फोटोंच्या संग्रहाशी ताडून पाहायचा, असं तिचं काम. कॅमेरे किती आणि त्यांची नजर किती तीक्ष्ण, यावर चर्चा खूप होते. पण ज्या संग्रहाशी चेहरा ताडला जातो, त्यात कोणाचे फोटो आहेत, ते तिथे कसे आले आणि बाहेर कसे पडतात, याची चौकशी क्वचितच होते. माझं म्हणणं या शेवटच्या प्रश्नापुरतं आहे. पोलिसांच्या नोंदींच्या दीडशे वर्षांच्या इतिहासात नाव चढवायची सोय दर पिढीला वाढत गेली आणि नाव उतरवायची वाट दर पिढीला अरुंद होत गेली. खासगीपणाचा हक्क सुरतच्या माणसाच्या हाती खऱ्या अर्थाने यायचा असेल, तर तो लपून राहण्याचा हक्क म्हणून येणार नाही. आपली नोंद आहे का हे कळण्याचा, चुकीची असेल तर खोडून घेण्याचा आणि कारण संपल्यावर तिच्यातून बाहेर पडण्याचा हक्क म्हणूनच तो येईल.

या इतिहासाची सुरुवात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून करावी लागते. तो आधी उत्तर हिंदुस्थानात आला, आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई इलाख्यात पोचला. सुरत तेव्हा याच इलाख्याचा जिल्हा होता. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायची, तिच्या माणसांची नोंदवही तयार करायची, नोंदलेल्यांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची, ही त्याची रीत. नोंदलेल्या माणसाच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा १९११ च्या कायद्याने दिली. त्याने गुन्हा केलेला असण्याची गरज नव्हती. सोलापूरला या जमातींची मोठी वसाहत उभी राहिली, तिथली माणसं गिरण्यांत राबली, आणि शहराच्या त्या भागाला ‘सेटलमेंट’ हे नाव आजही चिकटलेलं आहे. अहमदाबादच्या छारानगरचा उगमही अशाच वसाहतीत आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या पाटणवाडिया आणि बारैया शेतकऱ्यांच्या गळ्यात हीच हजेरी पडली होती. ती सुटावी म्हणून गांधीवादी कार्यकर्ते रविशंकर महाराज यांनी वर्षानुवर्षं खपून काम केलं.

या कायद्यात दाद मागायची सोयच नव्हती असं मानलं जातं, पण ते खरं नाही. नोंदीमुळे अन्याय झाला असं ज्याला वाटेल त्याने दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करावी आणि दंडाधिकाऱ्याने नाव ठेवावं किंवा खोडावं, अशी तरतूद १८७१ च्याच कायद्यात होती, १९११ मध्येही ती राहिली. पण त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं. जमात गुन्हेगार ठरवणाऱ्या सरकारी अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाने प्रश्न उपस्थित करायचा नाही. म्हणजे ‘मी त्या जमातीचा नाही’ एवढंच माणसाला सांगता येई. ‘मी त्या जमातीचा आहे, पण मी काही केलेलं नाही’ हे सांगायला जागाच नव्हती. तक्रार ऐकणारा दंडाधिकारीही नोंदवही तयार करवणाऱ्या यंत्रणेतलाच. कागदावरचा हक्क निरुपयोगी कसा करायचा याचा हा नमुना मला आजच्या चर्चेसाठी फार मोलाचा वाटतो, कारण हक्क नाकारण्यापेक्षा तो अशा जागी ठेवणं सोपं असतं जिथून कोणाचाच हात पोचत नाही.

दुसरी गोष्ट अशी की एका प्रकारच्या माणसांसाठी सुरू झालेली नोंद त्यांच्यापुरती राहत नाही. ठगी आणि दरोडे निर्मूलनासाठी उभारलेलं खातं १९०४ साली बंद करून कर्झनच्या सरकारने त्याच्या जागी मध्यवर्ती गुन्हे गुप्तवार्ता खातं आणलं. बघता बघता या नव्या खात्याचं बरंचसं लक्ष राजकीय माणसांवर खिळलं. मुंबई इलाख्याचे पोलिस आपले गोपनीय साप्ताहिक अहवाल छापतच होते. १९०७ च्या डिसेंबरात नागपूरहून हलवलेलं काँग्रेसचं अधिवेशन तापीकाठी सुरतेला भरलं, राशबिहारी घोषांच्या अध्यक्षपदावरून टिळक व्यासपीठावर उभे राहिले, जोडा भिरकावला गेला आणि मवाळ-जहालांची फाटाफूट झाली. त्या काळातल्या टिळकांच्या हालचालींवर पोलिसांनी काय काय लिहून ठेवलं ते आज कोणालाही वाचता येतं. मुंबई सरकारने १९५७-५८ साली स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाची साधनं सरकारी दप्तरातून निवडून छापली, आणि १८८५ ते १९२० च्या खंडात टिळकांवरचे अहवाल भरपूर आहेत. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या साधनांचा जो खंड महाराष्ट्र शासनाने १९८२ साली काढला, त्यातही पोलिसांचे अहवाल सापडतात. टिळकांना किंवा आंबेडकरांना आपल्याविषयी खबऱ्याने काय लिहिलं हे जिवंतपणी पाहता आलं नाही, मग त्यातली चूक दाखवणं दूरच. ते आपल्याला पाहता येतं, ते दोघे गेल्यावर.

इथे इतिहासाचा अभ्यासक एक रास्त आक्षेप घेईल. नोंदी खोडत गेलो तर उद्याचा इतिहास कशावरून लिहायचा? हे अहवाल जाळून टाकले असते तर आपलं केवढं नुकसान झालं असतं. हा आक्षेप हलका नाही. पण ठाण्याच्या टेबलावर रोज उघडली जाणारी नोंद आणि अभिलेखागारात बंद असलेलं दप्तर यांत फरक आहे. पहिली माणसाला हाक मारून उभं करते, झडती घ्यायला लावते, पासपोर्ट अडवते. दुसऱ्याला माणसाच्या आयुष्यावर असा अधिकार नसतो. निर्दोष माणसाची नोंद पोलिसांच्या वापरातून काढून घ्यावी ही मागणी दप्तर जाळण्याची मागणी नव्हे. आणि ठसा, डोळ्याच्या बुबुळाचं चित्र, रक्ताचा नमुना यांतून इतिहासकाराला काही मिळायचं नसतं. ते फक्त माणूस ओळखायच्या कामाचं असतं.

स्वातंत्र्यानंतर जमाती कायदा मुंबई राज्यात १९४९ साली आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण सराईत गुन्हेगारांवर निर्बंध घालणारा मुंबईचा कायदा १९४७ मध्येच आलेला होता, आणि १९५९ साली त्याला नवं रूप मिळालं. पुढच्याच वर्षी राज्याची विभागणी झाली आणि हा वारसा महाराष्ट्र व गुजरात दोघांच्याही वाट्याला आला. नवा कायदा जमात पाहत नाही, वारंवार झालेली शिक्षा पाहतो. तत्त्वतः हा मोठा फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. पण ठाण्यात संशयितावर पाळत ठेवण्यासाठी उघडल्या जाणाऱ्या ‘हिस्ट्रीशीट’ या नोंदीला शिक्षेची अट नव्हती. उत्तर प्रदेशातला खरक सिंग नावाचा माणूस १९४१ साली दरोड्याच्या संशयावरून पकडला गेला आणि पुरावा नाही म्हणून सोडला गेला. तरीही त्याची हिस्ट्रीशीट उघडली, रात्री-अपरात्री शिपाई दारात येऊन हाका मारू लागले. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ च्या निकालाने रात्रीच्या भेटी बेकायदा ठरवल्या, पण पाळतीची बाकीची पद्धत शाबूत ठेवली, आणि खासगीपणा हा घटनेने हमी दिलेला हक्क नाही असं बहुमताने सांगितलं. न्या. सुब्बा राव यांनी याच्या उलट मत लिहिलं. त्यांचं म्हणणं न्यायालयाने स्वीकारायला ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसावं लागलं.

मधल्या काळात, १९८० च्या मलक सिंग खटल्यात, न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी पाळतीच्या नोंदवहीला मर्यादा घातल्या. संशयाला वाजवी आधार हवा, आणि पाळत माणसाच्या जगण्यात घुसता कामा नये. पण त्याच निकालाने हेही सांगितलं की नोंदवही गोपनीय आहे आणि नाव चढवण्यापूर्वी त्या माणसाचं ऐकून घ्यायची गरज नाही. ही अडचण खरी आहे. टोळीवर पाळत आहे हे टोळीलाच कळवलं तर पाळतीला अर्थ उरत नाही. तरीही यातून ‘म्हणून कोणीच पाहायचं नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. फ्रान्समध्ये १९७८ च्या कायद्याने यावर एक मार्ग काढला. पोलिसांच्या काही फायली नागरिकाला थेट दाखवत नाहीत, पण त्याने अर्ज केला तर माहिती संरक्षण आयोगाचा न्यायिक पार्श्वभूमीचा सदस्य त्याच्या वतीने फाईल तपासतो आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला लावतो. गुपित गुपितच राहतं, पण त्याच्यावर तिऱ्हाइताची नजर असते. १८७१ च्या तक्रारीत नेमकी याचीच उणीव होती.

आता २०२२ कडे. शतकभर जुना ओळखीचा कायदा रद्द करून संसदेने फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आणला आणि तो त्या वर्षीच्या ऑगस्टपासून लागू झाला. ठसे आणि फोटो होतेच, त्यांच्या जोडीला बुबुळ, डोळ्याचा पडदा, जैविक नमुने, सही आणि हस्ताक्षर आलं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने हे सगळं ७५ वर्षं जपायचं. विशीत घेतलेला ठसा माणसाच्या पंच्याण्णवीपर्यंत. निर्दोषांसाठीची तरतूद नव्या कायद्यातही आहे, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण कायद्याने दिलेले सगळे मार्ग संपल्यावरच ती लागू होते. म्हणजे सरकारने वरच्या कोर्टात अपील केलं, की निर्दोष ठरलेल्या माणसाची नोंद आणखी कित्येक वर्षं तशीच. आणि त्याच वर्षीच्या नियमांनुसार नोंद नष्ट करायची विनंती राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे करायची. त्याने तपासायचं की ही नोंद दुसऱ्या कोणत्या प्रकरणाशी जोडलेली नाही, आणि मग दिल्लीला शिफारस पाठवायची. १९२० च्या कलमात सरकारवर असलेलं ओझं अशा रीतीने सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर आलं. सुटून कामावर परत गेलेल्या किती यंत्रमाग कामगारांना नोडल अधिकारी म्हणजे कोण हे ठाऊक असेल?

सुरतच्या बाबतीत हा प्रश्न टोकदार होतो, कारण ते शहरच बाहेरून आलेल्यांचं आहे. तापी व्हॅली रेल्वेने १९०० च्या सुमारास सुरत आणि अमळनेर जोडलं, आणि त्याच मार्गाने खानदेशातली माणसं उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीत येऊन स्थिरावली. आज तिथल्या गल्ल्यांत अहिराणी कानावर पडते, शेजारी ओडिया आणि भोजपुरी. खोली भाड्याने घ्यायची तर पोलिस आयुक्तांच्या जाहीरनाम्याप्रमाणे भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यावी लागते. न देणाऱ्या घरमालकावर गुन्हा दाखल होतो. त्या अर्जात फोटो लागतो, मूळ गावचा पत्ता, मोबाइल नंबर, ओळखपत्राची प्रत, कामाचं ठिकाण. हा माणूस संशयित नाही, साक्षीदार नाही, फिर्यादीही नाही. तो फक्त भाड्याने राहतो. स्वतःच्या बंगल्यात राहणाऱ्याचा फोटो ठाण्यात जात नाही, दहा बाय दहाच्या खोलीत चौघांसोबत राहणाऱ्याचा जातो. खोली सोडली, गावी परतला, की त्या अर्जाचं काय होतं? भाडेकरू गेल्याची वर्दी देऊन आपली माहिती काढून घ्यायचा हक्क त्याला कोणी सांगितलेला नसतो. माणसाने काय केलं हे न पाहता तो कोणत्या थरातला आहे हे पाहून त्याची नोंद करायची, ही १८७१ ची रीत इथे सौम्य रूपात शिल्लक आहे असं मी म्हणतो, आणि ही तुलना जड आहे हे जाणून म्हणतो.

यावर पोलिसांची बाजू अशी, की लाखो स्थलांतरितांच्या शहरात माहितीविना काम होत नाही. हरवलेलं मूल कॅमेऱ्यामुळे सापडतं, पळून गेलेला खुनी मूळ गावच्या पत्त्यावरून सापडतो. ते खरंच आहे. हिऱ्यांची पाकिटं हातोहात फिरणाऱ्या आणि उधारीवर कापड सुटणाऱ्या बाजारात तर पोलिसांची स्मरणशक्ती ही व्यापाराचीही गरज आहे. पण हे सगळे लाभ नोंद ठेवण्याचे आहेत, नोंद कायम ठेवण्याचे नाहीत. खोली सोडून वर्षं लोटलेल्या माणसाचा अर्ज ठेवून मूल सापडत नाही. उलट संग्रहात नको असलेले चेहरे जितके जास्त, तितकी चुकीची जुळणी जास्त. ८० टक्के साम्य दिसलं की जुळणी झाली असं आपण धरतो, असं दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारातल्या उत्तरात सांगितलेलं आहे. अशा जुळणीत चुकून कोण सापडेल हे संग्रहात कोण आहे त्यावर ठरतं. निर्दोष सुटलेल्याचा फोटो तिथे राहिला, तर चुकून पकडलं जाण्याचा धोका त्यालाच पुन्हा. ‘ज्याने काही केलं नाही त्याला भ्यायचं कारण काय’ हा प्रश्न ज्यांनी काही केलं नाही अशाच माणसांनी भरलेल्या जमाती नोंदवह्यांच्या इतिहासानंतर विचारायला नको होता.

नोंद जमात पाहत नाही हा दावाही पुरता खरा नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या एका आमदाराच्या हिस्ट्रीशीटचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्यायालयाने स्वतःहून विषय वाढवला. मागास, वंचित समाजातल्या, विशेषतः विमुक्त जातींतल्या निरपराध माणसांची नावं केवळ जातीच्या पूर्वग्रहातून पोलिसांच्या वह्यांत चढतात असं काही अभ्यास सांगतात, याची त्याने दखल घेतली. हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत कागद आहे, तो चव्हाट्यावर येऊ नये, अल्पवयीनांची ओळख त्यात नसावी, वरिष्ठ अधिकाऱ्याने वेळोवेळी या नोंदी तपासाव्यात, आणि सर्व राज्यांनी असं धोरण विचारात घ्यावं, असं सांगितलं. जमाती कायदा रद्द झाल्याला तेव्हा बहात्तर वर्षं होत आली होती.

बाहेरच्या जगात ही वाट न्यायालयांनी रुंद केली. इंग्लंडमध्ये जबरी चोरीच्या प्रयत्नाच्या आरोपातून सुटलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचे ठसे आणि डीएनए पोलिसांनी परत द्यायला नकार दिला होता. डिसेंबर २००८ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं की शिक्षा न झालेल्यांच्या अशा नोंदी सरसकट आणि बेमुदत ठेवणं खासगीपणाचा भंग आहे. त्यानंतर, २०१२ साली, ब्रिटनने कायदा बदलला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका उद्योजकाचे बेकायदा टॅप केलेले फोन संवाद नष्ट करायला लावले, तेही पुट्टस्वामी निकालाच्याच आधाराने. म्हणजे ‘खोडा’ असं सांगायला आपली न्यायालयं कचरत नाहीत. पण उच्च न्यायालयाची पायरी चढायला जो पैसा आणि वेळ लागतो तो उद्योजकाकडे असतो. पांडेसऱ्याच्या कामगाराने अहमदाबादला सोला इथे जाऊन रिट दाखल करावी हे सांगणं म्हणजे त्याला काहीच न सांगण्यासारखं आहे.

अशा माणसासाठीच तर माहिती संरक्षणाचा कायदा हवा होता. तो ऑगस्ट २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. आपली माहिती कोणाकडे आहे ते विचारायचा, ती दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क त्याच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. आणि गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास किंवा खटला यांसाठी माहिती वापरली जात असेल तर ते अख्खं प्रकरण लागूच होत नाही. माहिती सुरक्षित ठेवायची जबाबदारी तेवढी पोलिसांवर राहते. दुकानदाराने घेतलेला मोबाइल नंबर पुसून घेता येईल, ठाण्याने घेतलेला ठसा नाही. तपास चालू असताना ही सूट समजू शकते. पण तपास संपल्यावर, आरोपी सुटल्यावर, भाडेकरू गावी परतल्यावर ती कशासाठी, याचं उत्तर कायद्यात नाही. माहितीचा अधिकार वापरून स्वतःविषयी विचारता येतं, पण तिथेही तपासात अडथळा येईल हे कारण तयार असतं.

इथे तंत्राची अडचण आहे असं कोणी म्हणू नये. २०२२ पासून देशभरातले ठसे एका राष्ट्रीय प्रणालीत जमा होतात आणि प्रत्येक नोंदीला दहा आकडी क्रमांक मिळतो. पोलिस, न्यायालय, तुरुंग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांना जोडणारी आंतरक्रियाशील फौजदारी न्याय प्रणाली उभी आहे. गुजरातेत तर शिपायाच्या हातातल्या मोबाइलवर ‘पॉकेट कॉप’ नावाच्या ॲपमधून जुनी नोंद पाहता येते. अटकेची खबर ज्या तारेवरून वर जाते, त्याच तारेवरून सुटकेचा निकालही खाली येऊ शकतो. सुरतच्या सत्र न्यायालयात निकाल वाचला गेला आणि अपिलाची मुदत टळली, की त्या दहा आकडी क्रमांकाखालचा ठसा आणि चेहऱ्यांच्या संग्रहातला फोटो कोणाच्याही अर्जाशिवाय निघून जावा, आणि तसं झाल्याचा एक कागद त्या माणसाच्या मूळ गावच्या पत्त्यावर पोचावा. तो पत्ता पोलिसांकडे आहेच.